चार जीबीच्या पुढची फाइल : हस्तांतरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या फाइलींची सोय कशी करावी

नाशिकला पंचवटीतील एका स्टुडिओतून कॉलेज रोडवरील चित्रफीत-संकलकाकडे लग्नाचे चित्रीकरण आमच्याच सॉफ्टवेअरने पाठवले जात असे. पाठवणारा संगणक विंडोजचा आणि घेणारा लिनक्सचा होता. एके दिवशी ‘हस्तांतरण पूर्ण’ असा संदेश दोन्हीकडे आला, कुठेही त्रुटी दिसली नाही, पण संकलकाच्या संगणकावर चित्रफीत सुरुवातीच्या काही विधींनंतर थांबत होती. मूळ फाइल ५,३६,९१,४४,८३२ बाइटांची होती आणि पोहोचलेली १,०७,४१,७७,५३६ बाइटांची. कागदावर वजाबाकी केली तेव्हा उत्तर आले ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे नेमका दोनचा बत्तिसावा घात. फाइलची लांबी चार बाइटांच्या जागेत कोंबली गेली होती, वरचा भाग गळून पडला होता आणि उरलेल्या आकड्यालाच दोन्ही संगणकांनी प्रामाणिकपणे पूर्ण लांबी मानले होते.

हा दोष इतकी वर्षे का दिसला नाही, याचेही कारण त्या स्टुडिओतच सापडले. तिथल्या जुन्या कॅमेऱ्यातील कार्डांवर फाइली साठवण्याची फॅट-३२ ही रचना होती. त्या रचनेत एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटांची असू शकते, म्हणून कॅमेरा चित्रीकरणाचे आपोआप तुकडे करीत असे आणि प्रत्येक तुकडा आमच्या मर्यादेत बसत असे. स्टुडिओने ते तुकडे जोडून एकच फाइल पाठवली, त्या दिवशी दोष उघडा पडला. म्हणून ज्यांच्या सॉफ्टवेअरबद्दल आजवर तक्रार आलेली नाही, त्यांनीही पुढील काम हाती घ्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. सी आणि सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेल्या आणि विंडोज, लिनक्स, मॅकओएस व अँड्रॉइडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला समोर ठेवून मी लिहीत आहे.

सुरुवात कंपायलरपासून, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामपासून, न करता त्या आकड्यापासून करावी. फाइलची लांबी डिस्कवरून वाचली जाते, एखाद्या चलात (प्रोग्राममधील मूल्य धरणाऱ्या जागेत) ठेवली जाते, नेटवर्कवरून जाते, समोर पुन्हा चलात उतरते, तिथून डिस्कवर लिहिण्याचे स्थान ठरवते आणि शेवटी पडद्यावर टक्केवारी होऊन दिसते. या वाटेवर एकच जागा अरुंद राहिली तरी बाकीची सारी रुंदी वाया जाते. म्हणून लांबी, स्थान आणि ‘उरलेले बाइट’ धरणारे प्रत्येक चल शोधून त्याची यादी करावी. पूर्णांकांच्या प्रकारांपैकी ‘इंट’ तर बाद आहेच, पण खरा धोका ‘लाँग’चा आहे. ६४ बिटी लिनक्स आणि मॅकओएसवर ‘लाँग’ आठ बाइटांचा असतो, तर ६४ बिटी विंडोजवरही तो चारच बाइटांचा असतो. त्यामुळे लिनक्सवर काम करणाऱ्या प्रोग्रामरला आपला कोड निर्दोष दिसतो आणि तोच कोड विंडोजवर २,१४,७४,८३,६४७ बाइटांच्या पुढे ऋण संख्या दाखवू लागतो. ‘साइझ-टी’ हा प्रकारही इथे वापरू नये, कारण तो मेमरीचे माप आहे, फाइलचे नाही, आणि ३२ बिटी यंत्रावर तो चार बाइटांचा असतो. आपला स्वतःचा एकच प्रकार ६४ बिटी, म्हणजे आठ बाइटांच्या, चिन्हयुक्त पूर्णांकावर बेतून घ्यावा आणि फाइलसंबंधी सगळीकडे तोच वापरावा. चिन्हयुक्त अशासाठी की वजाबाकी चुकली तर ऋण संख्या लगेच नजरेत भरते, चिन्हरहित प्रकारात तीच चूक एक प्रचंड धन संख्या बनून लपते. आकडा कापला जाण्याविषयीचे कंपायलरचे सर्व इशारे या काळात चालू ठेवावेत. मोठा आकडा छोट्या चलात टाकणाऱ्या बहुतेक ओळी तेच दाखवून देतात.

यानंतर कंपायलरकडे वळावे. ३२ बिटी लिनक्सवर ‘_फाइल_ऑफसेट_बिट्स’ या मॅक्रोला (कंपाइल करताना वाचल्या जाणाऱ्या नावाला) ६४ हे मूल्य दिले की ‘ऑफ-टी’ हा स्थानदर्शक प्रकार आठ बाइटांचा होतो आणि ‘ओपन’, ‘स्टॅट’, ‘एल-सीक’ यांची ६४ बिटी रूपे आपोआप वापरली जातात. मात्र हा मॅक्रो पहिल्या हेडर फाइलच्या आधी ठरलेला असला पाहिजे. तो एखाद्या सोर्स फाइलच्या माथ्यावर न लिहिता बिल्डच्या आज्ञेतच द्यावा, कारण अर्ध्या फाइली त्याच्यासह आणि अर्ध्या त्याच्याविना कंपाइल झाल्या तर एकाच ‘स्ट्रक्ट’ची, म्हणजे एकत्र ठेवलेल्या चलांच्या गटाची, मांडणी दोन ठिकाणी दोन प्रकारची होते. कंपाइल झालेले भाग जोडणारा लिंकर याबद्दल तक्रार करीत नाही, आणि मग मेमरीत जे बिघडते ते शोधण्यात कित्येक दिवस जातात. ज्या लायब्ररीच्या इंटरफेसमध्ये ‘ऑफ-टी’ आहे, ती लायब्ररीही त्याच मॅक्रोने बांधलेली आहे ना, हे तपासावे. बिल्डची जुळणी आपोआप करणारे ऑटोकॉन्फ हे साधन वापरणाऱ्यांसाठी ‘एसी_सिस_लार्जफाइल’ ही तयार सोय आहे. मॅकओएसवर ‘ऑफ-टी’ ६४ बिटीच असतो, त्यामुळे तिथे काही करावे लागत नाही. ३२ बिटी अँड्रॉइडवर एपीआय पातळी २४ (अँड्रॉइड ७.०) च्या खाली या मॅक्रोवर पूर्णपणे विसंबू नये.

विंडोजवर हा मॅक्रो काहीही करीत नाही. तिथे ‘एफ-सीक’ आणि ‘एफ-टेल’ यांच्याऐवजी त्यांची ‘आय-६४’ रूपे, ‘स्टॅट’ऐवजी ‘_स्टॅट६४’, किंवा थेट ‘गेट-फाइल-साइझ-एक्स’ आणि ‘सेट-फाइल-पॉइंटर-एक्स’ वापरावीत. युनिक्स घराण्यात ‘एफ-सीक’च्या जागी ‘एफ-सीक-ओ’ घ्यावे, कारण ‘एफ-सीक’ ‘लाँग’च स्वीकारते. हा सारा फरक एका छोट्या फाइलमध्ये बंद करून ठेवावा आणि उरलेल्या कोडने फक्त आपलीच ‘उघड’, ‘सरक’, ‘लांबी सांग’ अशी फंक्शने बोलवावीत. विंडोजसाठीच्या अटी कोडभर विखुरल्या की पुढच्या दुरुस्तीत त्यांतली एखादी हमखास सुटते.

स्थान ६४ बिटी झाले म्हणून एका खेपेत हवे तेवढे वाचता येते असे नाही. लिनक्सवर एक ‘रीड’ जास्तीत जास्त २,१४,७४,७९,५५२ बाइट देते, मॅकओएस २,१४,७४,८३,६४७ च्या वरची मागणी त्रुटी देऊन नाकारते, आणि विंडोजच्या ‘रीड-फाइल’मध्ये मागणीचा आकडाच ३२ बिटी आहे. एक-दोन एमबीचा बफर घेऊन फेऱ्यांमध्ये वाचावे आणि प्रत्येक फेरीत प्रत्यक्षात जेवढे बाइट मिळाले तेवढेच मोजावेत. संपूर्ण फाइल मेमरीत घेण्याचा किंवा मॅप करण्याचा मार्ग ३२ बिटी यंत्रावर चालणार नाही.

आता नेटवर्क. आमचा दोष मुख्यतः इथेच होता, आणि तो सुधारताना सर्वांत अधिक विचार इथेच करावा लागला. लांबी आठ बाइटांत पाठवावी आणि बाइटांचा क्रम स्वतः ठरवावा. नेटवर्कसाठी बाइटांचा क्रम बदलणारे ‘एच-टू-एन-एल’ हे फंक्शन चारच बाइट फिरवते, म्हणून सर्वांत वजनदार बाइट आधी अशा रीतीने आठ बाइट शिफ्ट करून लिहिणारी आणि वाचणारी दोन फंक्शने आपणच लिहावीत. वाचताना प्रत्येक बाइट आधी ६४ बिटी चिन्हरहित प्रकारात बदलावा आणि मगच शिफ्ट करावा. हा क्रम उलटला तर वरचे बाइट हरवतात किंवा चिन्ह पसरते. लांबी दशमान अंकांत पाठवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये, उदाहरणार्थ एचटीटीपीच्या ‘कंटेंट-लेंग्थ’मध्ये, लेखनाला मर्यादा नसते, पण ते अंक ‘इंट’ देणाऱ्या ‘ए-टू-आय’ या फंक्शनने वाचले की तीच मर्यादा मागच्या दाराने परत येते. तिथे ‘एस-टी-आर-टू-एल-एल’ वापरावे.

जुन्या आवृत्तीचे काय करायचे, हे लिहायला बसण्याआधी ठरवावे. पंचवटीने नवी आवृत्ती घेतली आणि कॉलेज रोडने घेतली नाही, तर जुना संगणक आठांपैकी चारच बाइट लांबी म्हणून वाचेल आणि उरलेले चार फाइलचा मजकूर समजेल. म्हणून जोडणी होताच दोन्ही बाजूंनी आपापली आवृत्ती सांगावी, समोरचा जुना असेल तर जुन्याच पद्धतीने बोलावे, आणि त्याच्या मर्यादेपेक्षा मोठी फाइल असेल तर पाठवणाऱ्याने एकही बाइट न पाठवता स्पष्ट शब्दांत नकार द्यावा. नकार मिळालेला ग्राहक फोन करून मदत मागतो. अर्धी फाइल मिळालेला ग्राहक मात्र मूळ प्रत पुसून बसलेला असू शकतो, आणि लग्नाचे चित्रीकरण पुन्हा करता येत नाही.

घेणाऱ्या बाजूने लिहायला लागण्यापूर्वीच डिस्कवरची मोकळी जागा आणि फाइल रचनेची मर्यादा पाहावी. पेन ड्राइव्ह अजूनही अनेकदा फॅट-३२ चा असतो. मोकळी जागा काढताना ब्लॉकची संख्या आणि ब्लॉकचा आकार यांचा गुणाकार होतो, त्या आधी दोन्ही ६४ बिटी करून घ्यावेत. हाच नियम टक्केवारीला लागू आहे. ३२ बिटी चलात बाइटांना शंभराने गुणले तर २,१४,७४,८३६ बाइटांच्या पुढे, म्हणजे सुमारे वीस एमबीनंतरच, उत्तर बिघडते. लॉगमधील छपाईचे फॉरमॅट आणि डेटाबेसमधील रकाने यांवरूनही एकदा नजर फिरवावी.

चाचणीसाठी खऱ्या चित्रफिती लागत नाहीत. लिनक्सवर ‘ट्रंकेट’ आज्ञेने पाच जीबीची विरळ फाइल क्षणात तयार होते आणि डिस्कवर जवळजवळ जागा घेत नाही. पण ती तशीच वापरली तर चाचणी फसवी ठरते, हे आम्ही एकदा अनुभवले. विरळ फाइल सगळी शून्यांची असते. स्थानाचा आकडा मर्यादा ओलांडून पुन्हा शून्यापासून सुरू झाला आणि एखादा तुकडा फाइलच्या सुरुवातीवर लिहिला गेला, तर शून्यावर शून्यच पडते, आणि लांबी व चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) दोन्ही जुळू शकतात. म्हणून सुरुवातीला, दोन जीबीच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे, चार जीबीच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे आणि अगदी शेवटच्या बाइटांत वेगवेगळ्या खुणा लिहाव्यात. लांबीचेही पाच प्रकार घ्यावेत : दोनच्या एकतिसाव्या घातापेक्षा एक बाइट कमी आणि नेमका तेवढा, बत्तिसाव्या घातापेक्षा एक कमी, नेमका तेवढा आणि एक जास्त. नेमका बत्तिसावा घात विसरू नये, कारण जुन्या कोडमध्ये ती लांबी शून्य होते आणि रिकामी फाइल यशस्वीपणे पोहोचते.

खंडित हस्तांतरण पुढे चालू करण्याची चाचणी वेगळी करावी. नाशिकमध्ये मे महिन्यात दुपारी वीज जाते तेव्हा याच सोयीची खरी गरज पडते. शंभर मेगाबिटच्या जाळ्यावर पाच जीबीला सात मिनिटांहून अधिक वेळ लागतो, तेवढ्यात चार जीबीचा टप्पा ओलांडल्यावर केबल काढावी, पुन्हा जोडावी, आणि सॉफ्टवेअर कोणत्या स्थानापासून पुढे निघते ते लॉगमध्ये वाचावे. प्रत्येक प्रणाली एकदा पाठवणारी आणि एकदा घेणारी म्हणून बसवावी, आणि एक संगणक मुद्दाम जुन्या आवृत्तीवरच ठेवावा. त्याच्याकडे पाच जीबीची फाइल पाठवल्यावर नकार आला आणि त्याच्या डिस्कवर कोणतीही नवी फाइल उमटली नाही, तरच नवी आवृत्ती ग्राहकांना द्यावी.