ऐकू आलं नाही म्हणजे पाठवलं नाही, असं नसतं

एम.टेक.साठी अ‍ॅड हॉक नेटवर्कमधलं सहकार्य आणि विश्वास हा विषय घेतलेल्यांसाठी लिहितोय. टॉवर नाही, प्रत्येकाने दुसऱ्याचं पॅकेट (डेटाचा तुकडा) पुढे न्यायचं, आणि बॅटरी वाचवायला काही नोड (नेटवर्कमधली उपकरणं) ते गिळून टाकतात, एवढं तुम्हाला माहीत असणारच. वॉचडॉगही, म्हणजे शेजारी नोड पॅकेट पुढे नेतो का यावर पाळत ठेवायची पद्धत, माहीत असेल. 2000 साली स्टॅनफर्डच्या मार्टी आणि सहकाऱ्यांनी मांडलेला. माझे आठ महिने त्यानेच खाल्ले.

अ ने ब ला पॅकेट दिलं, ब ने ते क ला द्यायचं. अ कान लावून बसतो. ब चं प्रसारण ऐकू आलं तर ब प्रामाणिक, नाही आलं तर ब च्या नावावर एक खूण. मी हे जसंच्या तसं एनएस-2 या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये उतरवलं. स्वार्थी नोड पटापट पकडले जायला लागले, आलेख देखणे आले, मी खूश.

प्रगती सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं, "मधल्या नोडांवरचा विश्वास सगळ्यात कमी का?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री ट्रेस फाइल, म्हणजे सिम्युलेशनमधल्या प्रत्येक पॅकेटची नोंद, उघडली. ज्या पॅकेटांसाठी ब ला दोषी धरलं होतं, त्यातली बरीचशी क ला व्यवस्थित मिळालेली होती.

इथे नीट थांबा. ब पाठवत असताना अ च्या पलीकडचा ड देखील बोलायला लागतो. ड ला ब ऐकूच येत नाही. अ च्या कानाशी दोघांची टक्कर होते आणि अ ला काहीच कळत नाही. तुम्ही म्हणाल, आरटीएस-सीटीएस आहे की, पाठवणाऱ्याने आरटीएसने आधी विचारायचं, घेणाऱ्याने सीटीएसने होकार द्यायचा, आणि ते ऐकणाऱ्यांनी गप्प बसायचं! मीही हेच म्हणालो होतो. पण सीटीएस देतो क, म्हणजे गप्प बसतात ते क च्या आसपासचे. अ नुसता ऐकणारा, त्याच्यासाठी ड ला कोणी गप्प करत नाही. आणि टकरा कुठे जास्त? जिथे वाहतूक जास्त. म्हणजे जो नोड सगळ्यांची पॅकेटं वाहतो, तोच बदनाम होतो. माझ्या योजनेत ही बदनामी शेजाऱ्यांनाही कळवली जायची, त्यामुळे चांगले नोड वाळीत पडून नेटवर्कचेच तुकडे झाले.

सगळ्यात चीड याची येते की मूळ लेखात टक्कर, कमी शक्तीचं प्रसारण, खोटे आरोप, संगनमत या सगळ्या मर्यादा सांगितलेल्या आहेत. मी आलेख पाहून पान उलटलं होतं. प्रोजेक्ट सेंटरचा तयार कोड घेऊ नका, अगदी स्पष्ट सांगतो. त्यात ही चूक असेल तर ती तुम्हाला दिसणारही नाही. आणि "प्रोटोकॉलचं नाव बदल, पेपर होईल" म्हणणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा तुमची ट्रेस फाइल उघडायला लावणारा सीनियर कितीतरी मोलाचा.

घाबरू नका, यातून बाहेर पडता येतं. मी एका खुणेवर निकाल देणं सोडलं. चांगले आणि वाईट अनुभव दोन्ही मोजून बीटा वितरणाने (संभाव्यतेच्या एका सूत्राने) विश्वास काढला, जुन्या खुणा हळूहळू पुसल्या, आणि शेजारी गजबज असेल तेव्हा न ऐकलेलं पॅकेट हिशेबातच धरलं नाही. स्वार्थी नोड थोडे उशिरा सापडतात, सापडू देत.

नगलेट्ससारखी, म्हणजे पॅकेट पुढे नेल्याबद्दल आभासी नाणी देणारी, मोबदल्याची पद्धत घेणार असाल तर तुमच्या अडचणी वेगळ्या, त्यावर मी बोलत नाही. वॉचडॉग घेणार असाल तर पहिल्याच आठवड्यात एकही स्वार्थी नोड न ठेवता सिम्युलेशन चालवा, वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीच्या किमतींवर), आणि किती जणांवर आरोप येतो ते मोजा.