भांडण नसलेल्या दिवशी भरायची पिशवी

नवरा किंवा सासरचे मारत, छळत असतील तर घर सोडायचं ठरलेलं नसलं तरी ही तयारी घरात शांतता असतानाच करून ठेवा. मार खाऊन अनवाणी बाहेर पडताना कोणी आधारकार्ड शोधत बसत नाही.

एका साध्या बाजाराच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, तो नसेल तर लग्नपत्रिका आणि दोन फोटो. मूळ कागद हाती लागत नसतील तर झेरॉक्स. रोजची औषधं, सुटे पैसे. स्त्रीधन, म्हणजे लग्नात बाईला मिळालेले दागिने आणि वस्तू, परत मागताना दागिन्यांच्या पावत्या लागतात. त्या नसतील तर दागिने अंगावर नीट दिसतील असे लग्नातले फोटो शोधा. पिशवी माहेरी किंवा भरवशाच्या शेजारणीकडे ठेवा. आपल्या कपाटात नको, आवराआवरीत तीच आधी सापडते.

दुसरी वस्तू म्हणजे वही. ‘नेहमी मारतो’ एवढ्यावर कोर्टात फारसं काही उभं राहत नाही. ‘गटारीच्या रात्री, लाटण्याने, डाव्या मनगटावर, आवाज ऐकून समोरच्या वहिनी आल्या’ असं लिहिलेलं उपयोगी पडतं. दवाखान्यात ‘पाय घसरला’ म्हणू नका, केसपेपरवर तेच उतरतं आणि पुढे समोरचा वकील तेच वाचून दाखवतो.

फोनचं पाच मिनिटांचं काम: व्हॉट्सॲप आणखी कुठे उघडं आहे का ते बघा, लोकेशन शेअरिंग बंद करा. 112 पोलिसांचा, 181 महिला हेल्पलाइनचा, 15100 मोफत कायदेशीर मदतीचा. हे पाठच करा, फोन हिसकावून घेतला जातो.

पोलीस ठाण्यात बऱ्याचदा एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून बोळवण होते. तिची प्रत घ्या, पण छळ ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 ची बाब आहे, एफआयआरचा आग्रह धरा. त्याशिवाय 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची वाट वेगळी आहे. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडून घटना अहवाल, म्हणजे काय काय घडलं त्याची सरकारी नोंद, भरून घ्या. संरक्षण मागण्यासाठीचा कलम 12 चा अर्ज थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडेही देता येतो, माहेरी राहत असाल तर तिथल्या कोर्टातही चालतो. ‘घर सासऱ्यांच्या नावावर आहे, नीघ’ हे ऐकून लगेच सामान बांधू नका. घर त्यांचं असलं तरी संसार तिथे झाला असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. कायद्यात 60 दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असं लिहिलंय, प्रत्यक्षात तारखा पडतच राहतात. म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश पहिल्याच अर्जात मागा. वकिलाच्या फीची काळजी नको. तालुका विधी सेवा समितीकडे बाईला मिळकतीचा दाखला न देता मोफत वकील मिळतो.

रात्री कुठे जायचं हे आधी ठरलेलं असू द्या. सखी वन स्टॉप सेंटर या हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी केंद्रात काही दिवस राहता येतं, मुलांना ठेवून घेतात का ते आधीच विचारून घ्या. आणि पिशवीत बिस्किटांचा पुडा, चित्रकलेची वही टाका. पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर मुलं तीन-तीन तास बसून असतात.