म्हाताऱ्या जंपिंग स्पायडरला पाणी पाजताना या चुका टाळा

मे महिना, लालबागची आमची खोली, रात्रभर एसी चालू. सकाळी ठमी, म्हणजे मी पाळलेली म्हातारी जंपिंग स्पायडर (उड्या मारणारी कोळीण), डब्याच्या तळाशी पाय आखडून पडलेली, पोट मनुकेसारखं सुरकुतलेलं. "गेली गं बाई," म्हणत आईनं डबा उचललाही. गेली नव्हती, तहानली होती.

कोळ्याच्या पायांना आत ओढायला स्नायू असतात, पण दोन मोठे सांधे सरळ करायला नसतात. तिथे अंगातल्या द्रवाचा दाब लागतो. पाणी आटलं की दाब पडतो, पाय आत वळतात आणि उडी बंद. त्यामुळे आखडलेले पाय बघून लगेच मेली म्हणू नका.

मी मात्र घाबरून तिला स्प्रेनं आंघोळच घातली. ही मोठी चूक. कोळ्याची श्वसनेंद्रियं पोटाच्या खालच्या बाजूला असतात. तिथे पाणी साचलं तर जीव गुदमरतो. मग टिश्यूनं अलगद टिपलं, रंगाच्या बारीक ब्रशवर एक थेंब घेतला आणि तोंडाशी धरला. पाच मिनिटं काहीच नाही. मग तोंडापुढचे दोन ठेंगणे केसाळ अवयव थेंबावर टेकले आणि थेंब लहान लहान होत गेला. संध्याकाळपर्यंत ती भोकं पाडलेल्या छोट्या डबीत, ओल्या टिश्यूशेजारी. दुसऱ्या दिवशी चालायला लागली.

एरवी डब्याच्या एका भिंतीवर रोज चार-पाच थेंब पुरतात. कापूस, स्पंज नको, कुजतात. पावसाळ्यात "हवाच दमट आहे" म्हणून पाणी बंद करू नका. पण डबा सदैव ओला राहिला तर बुरशी येते. हवा खेळायला जाळी हवीच. आणि डासांचं लिक्विड मशीन त्या खोलीत अजिबात नको, त्यातलं औषध कोळ्यालाही मारतं.

वय ओळखतानाही घाई नको. जातीनुसार आयुष्य बदलतं, आणि आपल्या आसपास जाती काही थोड्या नाहीत: ठाणे-कल्याण भागातल्या एका जातीला 2021 मध्ये तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ इसियस तुकारामी हे नाव मिळालं. साधारणपणे नर वर्षभर जगतो, मादी जास्त.

प्रौढ झाल्यावर ही मंडळी कात टाकत नाहीत. म्हणजे तुटलेला पाय परत येत नाही, तळव्याचे झिजलेले केसही नाहीत. ठमी काचेवरून घसरायची, म्हणून उंच डबा काढून बुटका ठेवला, तळाशी टिश्यूची गादी. जिवंत नाकतोडा रात्रभर सोडून झोपू नका, म्हातारीलाच चावेल. डोकं चिरडलेला किडा चिमट्यानं द्या. त्याच्या ओल्या भागातून पाणीही मिळतं.

सध्या ठमी दिवसभर स्वतःच विणलेल्या रेशमाच्या पिशवीत पडून असते. पिशवी फाडून बघायची नाही, असं घरात बजावलंय. आई तरी रोज रात्री टॉर्च मारतेच.