नाशिकजवळ कॅम्पिंगला जाताय? धुरक्यात नजारा हरवू नये म्हणून या चुका टाळा

दिवाळीनंतर भंडारदरा, वैतरणा, त्र्यंबककडे तंबू घेऊन गाड्या निघतात आणि पोचल्यावर डोंगराच्या जागी नुसतं करडं आभाळ दिसतं. लोक नशिबाला बोल लावतात. खरं तर बरंचसं आपल्या नियोजनावर असतं.

मोठी चूक म्हणजे पहाटेचाच हट्ट. थंडीच्या रात्री जमीन आणि तिच्या लगतची हवा गार पडते, वरची हवा उबदार राहते आणि झाकणासारखी बसते. गाड्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर खालीच अडकतो. ऊन तापलं की हवा घुसळते आणि दुपारी दरी मोकळी होते. धुकं नऊ-दहापर्यंत विरतं. त्यानंतरही पिवळट करडेपणा उरला तर ते धुरकं समजा आणि दुपारची वाट पाहा.

दुसरी चूक, सूर्याकडे तोंड करून पाहणं. हवेतले कण प्रकाश पुढच्या दिशेने जास्त विखुरतात, त्यामुळे त्या बाजूचे डोंगर पांढुरके होऊन पुसले जातात. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगरावरून पश्चिमेकडचा हरिहर गड सकाळी पाहा, पूर्वेकडची अंजनेरी संध्याकाळी. एवढ्या बदलानेही कडे उठून दिसतात. कॅमेऱ्याला पोलरायझर असेल तर तो सूर्याच्या काटकोनातल्या दिशेला सर्वांत चांगलं काम करतो.

निघण्याआधी फक्त तापमान पाहू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर नाशिकचा हवा निर्देशांक (AQI) बघा. ५० पर्यंत चांगला. २०० च्या वर गेला तर बेत पुढे ढकललेला बरा. मात्र हा आकडा शहरातला असतो, डोंगरातला नव्हे. म्हणून दोन-तीन दिवस तो चढतोय की उतरतोय हे पाहणं जास्त उपयोगाचं.

आणि शेकोटी! याबद्दल मला मनापासून सांगायचंय. तलावाकाठी प्रत्येक तंबूपुढे ओली लाकडं, वर प्लास्टिकच्या प्लेटा; तो धूर रात्रभर पाण्यावर साचतो आणि गावातली माणसं तोच श्वासात घेतात. स्वयंपाक गॅसवर करा. शेकोटी हवीच असेल तर सगळ्यांची मिळून एकच, वाळक्या लाकडांची. कचरा घरी परत आणा.

तंबूची जागा शक्यतो काठापेक्षा उंचावर, वारा लागेल अशी घ्या.

तारीख हातात असेल तर पाऊस सरल्यासरल्या जा. हिवाळ्यात अवकाळी पाऊस झाला तर तो द्राक्षबागांना मारक असतो, पण हवा धुऊन जातो. त्यानंतरचे एक-दोन दिवस कॅम्पिंगसाठी धरा.