टोकनची घाई नडते: ठाणे-नवी मुंबईत घर, जमीन घेताना-विकताना या चुका टाळा

गेल्या वर्षी माझ्या मावसभावाने घणसोली गावात वन आरके बघितला, बाजूच्या सेक्टरपेक्षा खूपच स्वस्त, आणि एजंट म्हणाला आज संध्याकाळपर्यंत पन्नास हजार टोकन (व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम) टाका, दुसरी पार्टी तयार आहे. याने लगेच जीपे केले आणि मग फाईल घेऊन माझ्याकडे आला. फाईलीत काय, तर पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करारनामा, मालमत्ता कराची पावती, लाईट बिल आणि कुणाच्या तरी कुलमुखत्यारपत्राची (दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या कागदाची) झेरॉक्स. सीसी (बांधकामाची परवानगी) नाही, ओसी (राहायला वापरायची परवानगी) नाही, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा) नाही. ते पन्नास हजार अजून परत आलेले नाहीत.

पावती आहे, मीटर आहे म्हणजे घर लीगल आहे, ही सगळ्यात मोठी चूक. महापालिका अनधिकृत बांधकामाकडूनही कर घेते, त्याने ते अधिकृत होत नाही. नोटरीने मालकी बदलत नाही, त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झालेला दस्तच लागतो. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर घेतलं तर मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच सांगितलंय, तरी आपल्याकडे रोज असे व्यवहार होतात. गावठाणातल्या भूमिपुत्रांच्या गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न वेगळा आहे, त्यांच्या जमिनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतल्या, कुटुंबं वाढली, घरं बांधावीच लागली, त्यांचा लढा मला मनापासून पटतो. पण त्याच्या आडून भलताच कोणी चार-पाच मजले चढवून नोटरीवर विकत असेल तर त्यात भरडला जाणार घेणारा. साधी खूण सांगतो, बँक लोन देत नाही आणि एजंट म्हणतो की प्रायव्हेट फायनान्स करून देतो, तर तिथूनच मागे फिरा.

मग काही जण म्हणतात रेरा नंबर (बिल्डरच्या प्रकल्पाची सरकारी नोंदणी) आहे ना, झालं. डोंबिवलीच्या 65 इमारती आठवा. पालिकेच्या खोट्या परवानग्या बनवल्या, त्यावर रेरा नंबर मिळवले, लोकांनी आयुष्याची कमाई घातली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या. म्हणून माझं एकच म्हणणं आहे, समोरच्याने हातात दिलेल्या कागदावर थांबू नका, तोच कागद जिथून निघतो तिथून स्वतः काढा. सीसीचा नंबर घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जा, इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर बघा, वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च घ्या. आणि वकील आपला पाहिजे, एजंटने आणलेला नको. सिडकोच्या नोडमध्ये, म्हणजे तिने वसवलेल्या भागांत, बहुतेक जमीन 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली आहे, त्यामुळे सिडकोची परवानगी आणि ट्रान्सफर चार्जेस लागतात का, लागले तर कोण भरणार, हे आधीच लिहून घ्या, नाहीतर शेवटच्या दिवशी त्यावरून भांडणं होतात.

टोकन द्यायचंच असेल तर चेकने किंवा ऑनलाईन द्या आणि पावतीवर लिहून घ्या की कागद क्लिअर नसतील किंवा लोन मंजूर झालं नाही तर अमुक दिवसांत पूर्ण रक्कम परत. आधीच देऊन फसला असाल तर पुढचा एक रुपया देऊ नका, मेसेज आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, वकिलामार्फत लेखी नोटीस पाठवा. रेरा नोंदणी असलेला बिल्डर करार रजिस्टर न करता 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, घेत असेल तर महारेराकडे (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे) तक्रार करता येते. करारावर सह्या झाल्या पण नोंदणी राहिली? सहीपासून 4 महिने मिळतात, त्यानंतर दंड भरून आणखी 4, त्यापुढे अवघड होतं.

आता मुरबाड, शहापूरकडच्या प्लॉटबद्दल, कारण रविवारी गाडीत बसवून साईट व्हिजिटला नेतात आणि माणूस हिरवळ बघून पाघळतो. सातबारा स्वतः काढा, सरकारच्या महाभूमी वेबसाईटवर डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. नुसतं मालकाचं नाव वाचून थांबू नका, इतर हक्काचा रकाना वाचा, कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव, बँकेचा बोजा म्हणजे कर्ज, वनाचा शेरा सगळं तिथे असतं. भोगवटादार वर्ग 2 (विकायला सरकारी अट असलेली जमीन) असेल तर आधी सरकारी परवानगी लागते, आणि आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकत घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीबरोबर राज्य सरकारची मंजुरीही लागते. शेतजमीन असेल तर तुम्ही स्वतः शेतकरी आहात का हे आधी बघा, कुळकायद्याने बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही. आणि सामाईक सातबाऱ्यावर चौदा नावं आणि सही करणारे तीन, असा व्यवहार कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या, उरलेले अकरा कधी ना कधी दारात येतातच. मोजणीची नक्कल मागा. नुसते चुन्याचे पट्टे मारले म्हणजे हद्द ठरली असं होत नाही.

विकणाऱ्यांचंही सांगतो, ते पण घाई करतात. पूर्ण पैसे खात्यात येईपर्यंत चावी देऊ नका, ओरिजिनल कागद देऊ नका. 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, दंड होतो. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर घेणारा 1 टक्का टीडीएस (तुमच्या नावे सरकारात भरायचा आयकर) कापणार, तो भरल्याचं सर्टिफिकेट मागून घ्या.

त्याच मावसभावाने यंदा कळव्यात फ्लॅट बघितला. मालक वारलेले, सोसायटीत नॉमिनी मुलगा, शेअर सर्टिफिकेटही त्याच्या नावावर, तो म्हणाला आता मीच मालक. पण नॉमिनी म्हणजे वारस नाही, दोन बहिणींचाही हक्क होता. या वेळी भावाने टोकन आधी दिलं नाही. धाकटी ठाण्यातच राहते, मोठी नाशिकहून आली, दोघींनी फोटो काढून अंगठे दिले, हक्कसोड पत्र रजिस्टर झालं, त्याची प्रत हातात आली आणि मगच याने फोन काढून पैसे पाठवले.