मांजर बाहेर सोडायचं, पण वेळ पाहून

खेड्यातलं मांजर चोवीस तास कोंडून ठेवणं बहुतेक घरांना जमत नाही. कवेलूच्या छपरातून ते वाट काढतंच, शिवाय उंदरांसाठीच तर पाळलेलं असतं. पण म्हणून रात्रंदिवस मोकळं सोडणं हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. दिवसा काही तास बाहेर, दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत घरात आणि फवारणीच्या दिवसांत पूर्ण बंद, एवढं पाळलं तर बरीच मांजरं वाचतात.

पहिल्यांदा सोडण्याआधी नसबंदी करून घ्या. भाटी चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते, त्यामुळे पाचव्या महिन्याच्या पुढे ढकलू नका. बोक्याचीही करा; नाहीतर तो माजावर आलेल्या भाटीमागे दिवसेंदिवस भटकतो आणि मारामारीत फाटून येतो. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी. आठव्या आठवड्यापासून द्यायची तीन रोगांची एकत्र लस तालुक्याला नसेल तर जिल्ह्याच्या गावी विचारा.

नवं मांजर आणलं की तीन-चार आठवडे घरातच ठेवा. पसरट घमेल्यात तीन इंच कोरडी रेती घालून कोपऱ्यात ठेवली की ते तिथेच शी-शू करतं. चुलीची राख वापरू नका, ओली झाली की पंजे पोळतात. जेवण रोज सांजेला एकाच वेळी द्या आणि देताना ताटली वाजवा. या आवाजाची सवय लागली की पहिल्यांदा अर्धा तास बाहेर सोडायचं, तेही जेवणाआधी, भुकेलं असताना. ताटली वाजली की येतं. आलं की खाऊ घाला आणि दार लावा. अंडं, मासळी किंवा मटणाचे तुकडे रोज थोडे हवेतच. नुसत्या दूध-पोळीवर ठेवलं तर ते बाहेरच पोट भरायला शिकतं. गळ्यात सुतळी किंवा दोरी बांधू नका. तुरीच्या फांदीत अडकून फास बसतो.

रात्री कुत्र्यांच्या टोळ्या फिरतात, जंगलालगतच्या गावांत बिबट्या येतो आणि कुटाराच्या ढिगाशी उंदरामागे आलेला घोणस बसलेला असतो. पंजा किंवा तोंड अचानक सुजलं, मांजर लंगडायला लागलं, तर सर्पदंश समजून लगेच दवाखाना गाठा.

सगळ्यात मोठा धोका मात्र फवारणीचा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मांजर तर तीन-चार किलोचं. ओल्या पऱ्हाटीतून ते गेलं की औषध केसांना लागतं, आणि घरी येऊन ते अंग चाटतं, म्हणजे सगळं पोटात. फवारणीच्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस सोडू नका. शेजारच्या वावरात कधी फवारणार हेही विचारून ठेवा. फवारा धुतलेलं पाणी अंगणात सांडू नका. लाळ गळणं, बाहुल्या बारीक होणं, अंग थरथरणं ही लक्षणं दिसली तर हातमोजे घालून साबणाच्या कोमट पाण्यानं आंघोळ घाला, पुसून कापडात गुंडाळा आणि बाटलीवरचं लेबल सोबत न्या. डॉक्टरला औषधाचं नाव कळलं की उपचार लवकर सुरू होतात.

ढोरांच्या गोचिडांचं औषध मांजराला कधीच लावू नका. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधं गाईला चालतात, मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, झटके येतात. बैलाला लावलं त्या दिवशी मांजर गोठ्याबाहेर ठेवा.

उंदीर मारायचं औषध घरात ठेवणार असाल तर मांजर पाळून उपयोग नाही, दोन्हींतलं एकच निवडा. झिंक फॉस्फाईडनं काही तासांतच जीव जातो. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी मेलेला उंदीर खाल्ला तर तीन-चार दिवसांनी हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून उंदराशी कुणी जोडत नाही. हे लवकर कळलं तर व्हिटॅमिन के-1 नं मांजर वाचतं.

मे महिन्यात दुपारी बारा ते पाच घरातच, टिनपत्र्याखाली नाही, मातीच्या भिंतीच्या खोलीत. दोन ठिकाणी पाणी ठेवा.

विषबाधेत मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा 1962 या जनावरांच्या मदत क्रमांकाला फोन करा. ताप वाटला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल देऊ नका. एक गोळीही मांजराला मारते.