शुक्राची कोर पाहायची तर अंधार पडायची वाट पाहू नका

काळ्याभोर आकाशात शुक्र इतका झगमगतो की दुर्बिणीत नुसता थरथरणारा पांढरा गोळा दिसतो आणि लेन्सच खराब आहे असं वाटतं. संध्याकाळी दिसत असेल तेव्हा सूर्य पूर्ण मावळल्यावर लगेच, आकाश अजून निळसर असतानाच दुर्बीण लावा. तेव्हा शुक्र क्षितिजापासून उंचही असतो. खाली उतरला की जाड हवेमुळे एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला निळी झालर येते. ती नेत्रिका (डोळा लावायची भिंग-नळी) बदलून जात नाही.

६० ते ८० मिमी व्यासाच्या भिंगाची दुर्बीण पुरते. आधी ४० पट मोठं करून पाहा, मग ८० ते १०० पट. तरीही चमक जास्त वाटली तर चंद्रासाठीचा फिल्टर लावा. न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) असेल तर पुढच्या झाकणातलं छोटं टोपण तेवढं काढा, झाकण तसंच राहू द्या.

चंद्रासारख्याच शुक्रालाही कला असतात. पूर्ण बिंब जेमतेम १० विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), अर्धं साधारण २४ चं, तर बारीक कोर ५० च्या पुढे जाते, कारण तेव्हा शुक्र आपल्या जवळ असतो. ४५ विकलांची कोर ४० पटीत नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढी भासते! आठवड्यातून एकदा, त्याच नेत्रिकेने चित्र काढा. शुक्र संध्याकाळी दिसतो त्या काळात अर्धं बिंब गणिताने काढलेल्या तारखेच्या काही दिवस आधीच दिसतं. चूक तुमची नाही. सूर्य क्षितिजाच्या वर असताना मात्र दुर्बीण फिरवून शुक्र शोधू नका, डोळा कायमचा जाईल.